मार्गदर्शकाला न पटलेला प्रबंध

(थ्रेड)

१९२३ साली लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनसंस्थेने एक ग्रंथ प्रसिद्ध केला : ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. लेखक भीमराव रामजी आंबेडकर, वय बत्तीस वर्षे. लंडन विद्यापीठाच्या डी.एस्सी. पदवीसाठी लिहिलेला हा प्रबंध. त्याला प्रस्तावना आहे त्यांच्या मार्गदर्शकांची, प्रा. एडविन कॅनन यांची. आणि मित्रहो, या प्रस्तावनेच्या आरंभीच कॅनन सांगून टाकतात की या पुस्तकातील बऱ्याचशा टीकेशी आपण सहमत नाही.

प्रस्तावना म्हणजे शुभाशीर्वाद, अशी आपल्याकडे समजूत आहे. मार्गदर्शकाने विद्यार्थ्याच्या पाठीवर हात ठेवायचा, दोन विशेषणे द्यायची आणि बाजूला व्हायचे. कॅनन यांनी तसे केले नाही. १८९३ साली हिंदुस्थानच्या टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद झाल्या. त्या मार्गाने रुपयाचा सोन्याशी दर स्थिर राखता येईल असे मानणारे जे मोजके अर्थतज्ज्ञ तेव्हा होते, त्यांत आपण होतो, हे ते आठवणीने नोंदवतात. त्यांच्या विद्यार्थ्याने नेमका त्याच व्यवस्थेवर हल्ला चढवला होता.

मग ही प्रस्तावना लिहिली तरी कशाला? कॅनन यांचे उत्तर असे : या तरुणाचे म्हणणे चुकीचे वाटले तेव्हाही त्याच्या विचारात ताजेपणा आढळला, आणि त्याने शेवटी काढलेला व्यावहारिक निष्कर्ष बहुधा बरोबर आहे. म्हणजे युक्तिवाद अमान्य, निष्कर्ष मान्य, आणि विद्यार्थी आपला. पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधत फिरणाऱ्या आजच्या तरुणांनी वाचावीत अशी ही दोन पाने आहेत. ती लिहिली जाण्यापूर्वी दहा वर्षे गेली होती. त्या दहा वर्षांची ही कथा आहे. शेवटाकडे त्याच काळातील आणखी दोन मराठी संशोधकही भेटतील.

१९१३ च्या जुलैमध्ये आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती : दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर संस्थानची नोकरी करण्याचा करार. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी काय काय शिकून घेतले याची नोंद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. तीन वर्षांची शिष्यवृत्ती म्हणजे तीन वर्षांचा उपवास असे समजून हा माणूस जणू पुढच्या आयुष्याची शिदोरी बांधत होता.

या यादीकडे थोडे निरखून पाहा. आज अमेरिकेतील विद्यार्थ्याला पीएच.डी.साठी आपली ‘कमिटी’ जमवावी लागते. एक मुख्य मार्गदर्शक, त्याच विभागातील एखाददोन प्राध्यापक आणि बहुधा एक बाहेरचा. त्या प्रत्येकाकडे जाऊन आपला विषय समजावून सांगायचा, होकार मिळवायचा. आंबेडकरांनी अशी कागदी समिती नेमली नव्हती; पण कोणाकडून काय घ्यायचे हे त्यांनी फार विचारपूर्वक ठरवलेले दिसते. राजस्वाचे शिक्षण एडविन सेलिग्मन यांच्याकडे. तत्त्वज्ञान जॉन ड्यूई यांच्याकडे. इतिहास जेम्स हार्वी रॉबिन्सन यांच्याकडे. मानववंशशास्त्र अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्याकडे.

९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मानववंशशास्त्राच्या वर्गात वाचलेला हा निबंध आज त्यांच्या कोणत्याही आर्थिक ग्रंथापेक्षा अधिक वाचला जातो. मुख्य विषयाबाहेरचा शिक्षक कशासाठी हवा, असे कोणी विचारले तर मी हे उदाहरण देतो.

तरीही मुख्य मार्गदर्शक सेलिग्मनच. सार्वजनिक अर्थव्यवहार आणि करपद्धती या विषयांतले ते अमेरिकेतील अग्रगण्य नाव. १८८५ साली स्थापन झालेल्या अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या संस्थापकांपैकी एक. पण आपल्या कथेत त्यांची विद्वत्ता जितकी महत्त्वाची, तितकेच त्यांचे एक पत्र महत्त्वाचे आहे. १९१६ मध्ये आंबेडकर लंडनला जायला निघाले, तेव्हा सेलिग्मन यांनी तिथल्या अर्थतज्ज्ञांना त्यांची ओळख करून देणारी पत्रे लिहिली. त्यांपैकी एक प्रा. हर्बर्ट फॉक्सवेल यांच्या नावे होते. त्या काळी विद्यापीठांचे दरवाजे असेच उघडत. प्रवेशपरीक्षा नाही, गुणांची यादी नाही. एका विद्वानाने दुसऱ्याला लिहायचे की हा मुलगा पाहा. ज्याला लिहिणारे कोणी नाही, तो दारातच उभा राही.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी साडेदहा पौंड शुल्क भरून नाव नोंदवले. हॅलफर्ड मॅकिंडर यांचा भूगोल, लोवेस डिकिन्सन यांचा राजकीय विचार, एल. टी. हॉबहाउस यांचे समाजशास्त्र हे विषय घेतले. हॉबहाउस हे नाव लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे.

आणि इथे पैसा संपला. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत सरली, बडोद्याचे बोलावणे आले. एलएसईने चार वर्षांपर्यंतची सवलत दिली : तेवढ्या अवधीत परत या, अभ्यास पुढे चालू करा. पहिले महायुद्ध चालू होते. आंबेडकरांचे सामान ज्या जहाजावर होते ते पाणतीराने बुडाले. त्यात त्यांच्या प्रबंधाचे हस्तलिखितही गेले, असे त्यांनीच पुढे १९२२ मध्ये सेलिग्मन यांना पत्राने कळवले आहे. आजच्या भाषेत, लॅपटॉपही गेला आणि बॅकअपही.

बडोद्याला जे घडले ते आपणांस ठाऊक आहे. कोलंबियात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. सेलिग्मन यांचे पत्र लंडनमध्ये चालत होते. बडोद्यात कोणाचेही पत्र चालणार नव्हते. मार्गदर्शकाच्या हाताची पोच कुठपर्यंत असते याचा हा कठोर हिशोब आहे, आणि उच्चशिक्षणाच्या इतिहासात तो क्वचितच मांडला जातो.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगारातून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साह्य केले. नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. १९२० मध्ये, सवलतीची चार वर्षे संपण्याच्या आत, ते पुन्हा लंडनला हजर झाले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. आता डी.एस्सी.चा प्रबंध, आणि मार्गदर्शक एडविन कॅनन.

कॅनन म्हणजे ॲडम स्मिथच्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ची १९०४ ची संपादित आवृत्ती काढणारे विद्वान. ती आवृत्ती पुढे कितीतरी दशके प्रमाण मानली गेली. एकेक शब्द तपासून घेणारा माणूस. आंबेडकरांनी आपल्या निवेदनात त्यांच्याविषयी कृतज्ञता व्यक्त करताना म्हटले आहे की, सरांनी सैद्धांतिक विवेचनाची जी कडक तपासणी केली, तिच्यामुळे आपण अनेक चुकांतून वाचलो. कॅनन यांनी प्रस्तावनेत नेमका हाच शब्दप्रयोग उचलला आहे. अशा कडक तपासणीलाही दाद न देणारी स्वतंत्र बुद्धीची तऱ्हेवाईक वळणे सहन करायला म्हातारा शिक्षक शिकतो, अशा आशयाचे ते लिहितात. गुरुशिष्यांमधली ही खोचक देवाणघेवाण छापील पानांवर शाबूत राहिली, हे आपले भाग्य.

वाद कशावर होता ते थोडक्यात सांगतो. नाहीतर हा केवळ स्वभावांचा किस्सा ठरेल. टांकसाळी बंद केल्यावर सरकारने रुपयाचा भाव हळूहळू एक शिलिंग चार पेन्सवर स्थिर केला. देशात सोन्याचे नाणे चलनात नाही, रुपया चांदीचा, पण परदेशी व्यवहारापुरते त्याचे सोन्याशी नाते सरकार सांभाळणार, अशी ही सुवर्ण-विनिमय पद्धती. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात तिची भलामण केली होती. आंबेडकरांचा आक्षेप असा की, विनिमयाचा दर स्थिर राहिला म्हणजे देशातील किमती स्थिर राहिल्या असे होत नाही. या पद्धतीत रुपये पाडण्याची सत्ता सरकारच्या हाती मोकळी राहते, आणि रुपया स्वस्त झाला की त्याची झळ मजुरी करून खाणाऱ्याला बसते. म्हणून टांकसाळी जनतेसाठी बंद केल्यात तशा सरकारसाठीही बंद करा, नवे रुपये पाडूच नका, आणि सोन्याचे नाणे चलनात आणा.

१९२३ च्या मार्चच्या सुमारास निकाल आला : प्रबंध आहे त्या स्वरूपात स्वीकारता येत नाही.

या नकाराभोवती एक लोकप्रिय कथा उभी आहे. प्रबंध फार क्रांतिकारक होता, ब्रिटिशविरोधी होता, म्हणून परीक्षक बिथरले. अनेक चरित्रांतून ती येते, जयंतीच्या भाषणांतून तर हमखास. पण एलएसईने स्वतःच्या दप्तरातील आंबेडकरांची विद्यार्थी-फाइल तपासून जे लिहिले आहे, त्यानुसार त्या फायलीत अशा कारणाचा उल्लेख नाही. फायलीत नाही म्हणजे घडलेच नाही, असे इतिहासाचा विद्यार्थी म्हणणार नाही. परंतु कॅनन यांची प्रस्तावना समोर ठेवली की मला दुसरी शक्यता अधिक संभवनीय वाटते. वाद साम्राज्यनिष्ठेचा कमी आणि चलनशास्त्राचा जास्त असावा. जी व्यवस्था त्या पिढीतील नामवंतांनी उभारली किंवा वाखाणली, तिच्या मुळावर घाव घालणारा प्रबंध त्यांच्याच वर्तुळासमोर परीक्षेला आला होता. ज्यांना क्रांतिकारक कथा प्रिय आहे त्यांनी रागावू नये. प्रस्थापित अर्थतज्ज्ञांना त्यांच्याच शास्त्रात आव्हान देणे हे माझ्या लेखी कमी धाडसाचे नाही.

आणखी एक गोष्ट इथे उमगते. मार्गदर्शक आणि परीक्षण या दोन वेगळ्या सत्ता आहेत. मार्गदर्शक अनुकूल असला तरी प्रबंध परत येऊ शकतो, आणि मार्गदर्शकाला मत पटले नाही तरी प्रबंध पार पडू शकतो. आंबेडकरांच्या बाबतीत काही महिन्यांच्या आत दोन्ही गोष्टी घडल्या. आज आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रत्येक संशोधकासाठी संशोधन सल्लागार समिती असते. दर सहामाहीला तिच्यापुढे प्रगती मांडावी लागते, आणि एका प्राध्यापकाला एका वेळी आठांहून अधिक पीएच.डी. विद्यार्थी घेता येत नाहीत. ही सगळी व्यवस्था एकाच भीतीतून आली आहे : एका माणसाच्या हाती विद्यार्थ्याचे भवितव्य पूर्णपणे असू नये. कागदावर ती चांगली आहे. प्रत्यक्षात समितीतील सगळे सभासद मार्गदर्शकाचेच स्नेही असतील तर काय होते, हे या थ्रेडच्या वाचकांपैकी काहींना माझ्याहून चांगले माहीत असेल.

आंबेडकरांकडे मात्र लंडनमध्ये थांबायला पैसे नव्हते. ते एप्रिलमध्ये मुंबईला परतले, प्रबंधाचे पुनर्लेखन केले आणि ऑगस्टमध्ये तो लंडनला पाठवला. नोव्हेंबर १९२३ मध्ये तो स्वीकारला गेला. ग्रंथ लागलीच छापून निघाला, कॅनन यांच्या त्या प्रस्तावनेसह. दोन वर्षांनी हिल्टन यंग आयोगापुढे आंबेडकरांनी चलनावर साक्ष दिली, तेव्हा त्यांच्या पाठीशी हाच अभ्यास होता.

आता हॉबहाउस यांच्याकडे वळू. त्यांच्याच समाजशास्त्राच्या विभागात १९२० च्या सुमारास मालवणचा एक तरुण दाखल झाला : गोविंद सदाशिव घुर्ये. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू करणाऱ्या पॅट्रिक गेडिस यांनी त्यांची निवड केली होती. घुर्यांचे मन हॉबहाउस यांच्यापाशी रमले नाही. ए. सी. हॅडन यांच्या सल्ल्याने ते केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे गेले, आणि तिथे त्यांना हवा तो गुरू भेटला. मार्गदर्शक बदलणे हा आजही विद्यार्थ्यावरचा डाग मानला जातो. घुर्यांनी तो बदल केला नसता तर त्यांचे जातिसंस्थेवरचे काम कोणत्या वळणाने गेले असते, सांगता येत नाही.

पण जून १९२२ मध्ये रिव्हर्स अचानक वारले. प्रबंध अर्धा, गुरू नाही. हॅडन पुढे आले, घुर्यांना आपल्याकडे घेतले आणि पदवीपर्यंत नेले. १९२४ मध्ये घुर्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि पुढची कित्येक वर्षे त्यांनी इतरांना पीएच.डी. दिल्या. त्यांपैकी एक अक्षयकुमार रमणलाल देसाई. घुर्ये मार्क्सवादी नव्हते. देसाई पक्के मार्क्सवादी. भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरचा देसाईंचा प्रबंध घुर्यांच्याच हाताखाली १९४६ मध्ये पूर्ण झाला, आणि ग्रंथरूपाने आजही वाचला जातो.

घुर्यांच्या हाताखाली १९२८ मध्ये एम.ए. झालेली एक विद्यार्थिनी मात्र पीएच.डी.साठी बर्लिनला गेली. इरावती कर्वे. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या त्या गृहस्थांना सुनेचे हे परदेशगमन पसंत नव्हते. पती दिनकर कर्वे पाठीशी उभे राहिले, जीवराज मेहता यांनी कर्ज दिले, आणि बाई गेल्या.

त्यांना मार्गदर्शक मिळाले ऑयगेन फिशर. १९२७ मध्ये बर्लिनच्या डालेम भागात स्थापन झालेल्या मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांच्या कैसर विल्हेल्म संस्थेचे ते संचालक. जर्मन नैऋत्य आफ्रिकेतील मिश्रवंशीय लोकांची मोजमापे घेऊन त्यांनी नाव कमावले होते. जर्मनीत प्रबंधाच्या मार्गदर्शकाला ‘डोक्टरफाटर’, म्हणजे डॉक्टरकीचा बाप म्हणतात. हा बाप वंशश्रेष्ठत्वावर श्रद्धा असलेला होता.

त्यांनी इरावतीबाईंना विषय दिला तो मानवी कवटीच्या दोन बाजूंमधील असमानतेचा. गृहीतक असे की युरोपीय माणूस अधिक तर्कनिष्ठ, आणि ते त्याच्या कवटीच्या घडणीत दिसले पाहिजे. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांतल्या काही आफ्रिकेतील जर्मन वसाहतीतून आणलेल्या होत्या. मोजमापातून निघाले ते इतकेच : असमानता आहे, पण तिचा वंशाशी संबंध दिसत नाही.

त्या खोलीचा विचार करा. परका देश, कर्जावर चाललेला संसार, घरच्या वडीलधाऱ्यांची नाराजी, आणि समोर पदवी ज्याच्या हाती आहे तो संचालक. आकड्यांना थोडे वाकवणे किती सोपे होते. बाईंनी ते केले नाही. प्रबंध मंजूर झाला, १९३० मध्ये पदवी मिळाली. पण फिशर यांनी उत्तीर्ण होण्यापुरती सर्वांत खालची श्रेणी दिली, असे ऊर्मिला देशपांडे आणि तिआगो पिंतो बार्बोसा यांनी २०२४ च्या ‘इरू’ या चरित्रात नोंदवले आहे. तीन वर्षांनी, नाझी सत्तेवर आले त्याच साली, फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले.

कॅनन आणि फिशर, दोघांच्याही विद्यार्थ्यांनी गुरूच्या मताविरुद्ध निष्कर्ष काढले, दोघांनाही पदवी मिळाली. एकाला सोबत प्रस्तावना मिळाली, दुसरीला खालची श्रेणी. मला या तुलनेत फिशर यांच्याविषयी एक अस्वस्थ करणारी गोष्ट जाणवते : त्यांनी प्रबंध नाकारला नाही. मोजमापे चोख होती, आणि तेवढी चाड त्या संस्थेत त्या वर्षी अजून शिल्लक होती.

शेवटी न्यूयॉर्ककडे परत जायला हवे, कारण तिथला हिशोब पुरा व्हायचा आहे. कोलंबियाची पीएच.डी. हाती पडण्यासाठी प्रबंध छापून विद्यापीठात दाखल करावा लागे. गरीब विद्यार्थ्याला ही अट म्हणजे आणखी एक फी. आंबेडकरांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवहारावरचा ग्रंथ १९२५ मध्ये निघाला. प्रस्तावना सेलिग्मन यांची, अर्पणपत्रिका सयाजीराव गायकवाडांना. पदवी रीतसर मिळाली १९२७ च्या जूनमध्ये, शिष्यवृत्तीवर बोटीत पाऊल ठेवल्याला चौदा वर्षे होत आली तेव्हा. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले होते, आणि डिसेंबरमध्ये मनुस्मृतीचे दहन व्हायचे होते.

१९५२ च्या जूनमध्ये कोलंबियाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. ती स्वीकारण्यासाठी ते न्यूयॉर्कला निघाले तेव्हा जॉन ड्यूई यांना भेटायची त्यांची इच्छा होती. ड्यूई कधीच त्यांचे अधिकृत मार्गदर्शक नव्हते. प्रबंधावर त्यांची सही नाही. प्रवासातच बातमी आली की ड्यूई १ जूनला वारले. आपले सारे बौद्धिक जीवन आपण या माणसाचे देणे लागतो, असे आंबेडकरांनी सविताबाईंना पत्रातून कळवले.